अर्धी धावपट्टी

"अर्धी धावपट्टी तोडणार? का म्हणून?" शाल्मलीनं रागानं सायकल तशीच टाकून दिली आणि तरातरा पुढे आली.

सन २०६१. कोरेवाडीच्या माळावरचा विमानतळ तसा चिमुकलाच. एक हँगर (विमानं ठेवायची मोठी शेड), चार्जिंगचा खांब, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि लांबलचक धावपट्टी. शाल्मलीची रेणूआत्या इथून छोटं रुग्णविमान उडवायची, आजाऱ्यांना शहराच्या इस्पितळात पोचवायची. आणि हे गोदामवाले देसलेसाहेब निघाले होते अर्धी पट्टी तोडून तिथं गोदाम बांधायला! सोबत मोजणीचा रोबो होता, मापक.

"रुग्णविमान निम्म्या पट्टीतच हवेत उठलं होतं," मापक म्हणाला. "मी स्वतः मोजलं आहे."

शाल्मली गोंधळली. मापकला खोटं बोलता येत नव्हतं. मग कालच आत्याचं विमान जवळजवळ टोकापर्यंत का धावलं?

"मोजलंस केव्हा?" हँगरमधून बाहेर येत आत्यानं विचारलं.

"जानेवारीत, पहाटे."

"वा रे शहाण्या! आणि आता मे आहे. माळ तव्यासारखा तापलाय. हवा तापली की पसरते, विरळ होते (म्हणजे तेवढ्याच जागेत हवेचे कण कमी उरतात). पंखांना उत्थापन (विमानाला वर उचलणारा रेटा) मिळतं ते या हवेमुळेच. हवा विरळ, तर रेटा कमी. तो भरून काढायला जास्त वेग हवा..."

"आणि जास्त वेगासाठी जास्त धावायला हवं!" शाल्मली ओरडली.

"अगदी बरोबर. माझ्या आजोबांच्या काळी इथं पिकांवर औषध फवारणारी विमानं यायची. मुरमाची आखूड पट्टी होती. थंडीत झकास चालायची. उन्हाळ्यात एक विमान कुंपणात घुसलं, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले आणि पट्टी वाढवली. ती तुम्ही आता उखडताय!"

"अहो, पण भर उन्हात उडायचंच कशाला?" देसले म्हणाले.

आत्याचा पारा चढला. "साप चावताना घड्याळ बघतो का? चला, बसा मागच्या सीटवर. निम्म्या पट्टीत उठतं ना विमान? आत्ताच बघू!"

देसले दोन पावलं मागे सरकले. "मला... मीटिंग आहे."

"तुम्ही बसणार नाही, आणि तिथं आजारी माणसाला झोपवणार?" शाल्मली कडाडली. "लाज नाही वाटत?"

देसले घड्याळात बघू लागले. मापकनं मात्र पुन्हा हिशेब मांडला. "आजच्या उन्हात निम्म्या पट्टीत विमान उठणार नाही. एका पहाटेचं माप मी बाराही महिन्यांना लावलं. चूक माझी. निम्मी पट्टी पुरते, हा माझा अहवाल रद्द करतो."

"तुला कुणी सांगितलं रद्द करायला?" देसले खेकसले.

"हिशेबानं. शिवाय उन्हाळे दरवर्षी अधिक तापताहेत. पुढच्या वीस वर्षांचा विचार केला, तर ही पट्टीसुद्धा अपुरी पडेल. ती वाढवावी लागेल."

शाल्मलीचा राग अजून उतरला नव्हता. तिनं मोजणीच्या टेपचं टोक मापकच्या हातात कोंबलं.

"मग उभा काय राहिलास? चल, मोज! आणि या वेळी उन्हात मोज!"