दुसरा घोट

रात्र नव्हती. हे आधीच सांगते, कारण असे काही वाचणारे पहिल्यांदा वेळ विचारतात.

रविवारची भर दुपार होती. खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या गॅलरीत कोणीतरी चादरी झटकत होते. दादाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच होतो आणि दोघेही पूर्ण शुद्धीवर होतो. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, हे वर्षानुवर्षे मुलांना बजावत आले आहे.

ही ऐकीव नाही. ती माझ्या कानांनी ऐकली आहे.

दादा आणि वहिनी एका संकेतस्थळासाठी सदर चालवत. नवा व्हिडिओ गेम आला की तो तासभर खेळायचा आणि तेवढ्या पहिल्या ओळखीवरून वाचकांना सांगायचे, याच्या वाटेला जावे की नाही. त्यांची एक पद्धत होती. दादा हेडफोन लावून खेळे. वहिनी शेजारच्या सोफ्यावर बसून नुसते चित्र बघे, आवाजाशिवाय. चांगले संगीत सुमार चित्रालाही तारून नेते, असे तिचे म्हणणे. खेळ चालू असताना कोणीही बोलायचे नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन एकमेकांना सांगायचे. आधी डोळ्यांनी बोलायचे, नंतर कानांनी.

"तुझे कान नि माझे डोळे," वहिनी म्हणायची, "मिळून कसंबसं एक धड माणूस होतं."

गेल्या वर्षी वहिनी गेली. घशाचा आजार होता.

त्यानंतर दादाने एकही गेम उघडला नाही. जेवणही दोन घासांवर आले. संपादकबाईंनी बरीच वाट पाहिली. शेवटी त्यांनी एक जपानी गेम पाठवला. विज्ञानकथेचा, रोलप्लेइंग प्रकारचा, म्हणजे आपणच एक पात्र होऊन कथा पुढे न्यायची तसा. सोबत निरोप होता की एवढ्यावर तरी लिहा, नाहीतर सदर दुसऱ्याकडे द्यावे लागेल.

दादाने मला फोन केला. "चिंगे, तिच्या जागी बसशील का? तासभरच."

मी बसले. माझा भाऊ माणसांत परत येत होता. त्यासाठी मी कुठेही बसले असते.

सुरुवात गोड होती. मोठ्या डोळ्यांचे खलाशी, सारखी टोपी सावरणारी कप्तान, काचेपलीकडे तारे. लढायासुद्धा सभ्य, एकाने वार करायचा, मग दुसऱ्याने. मी मनात वाक्ये जुळवू लागले होते. देखणा आहे, पडद्यावरच्या लेखी संवादांत जरा बोलघेवडा आहे.

मग आम्ही जहाजाच्या आतल्या भागात शिरलो...

जहाज जिवंत होते.

भिंती गालाच्या आतल्या बाजूसारख्या होत्या. लालसर, ओल्या, मधूनच थरथरणाऱ्या. दार उघडले की दोन्ही कडांमध्ये लाळेची तार ताणली जाई आणि तुटून खाली लोंबे. भूक लागली की खलाशी त्याच भिंतीतून चमच्याने करडा गर खरवडून खात. खरवडलेली जागा पुन्हा भरून येई. आधी सायीसारखी, मग कातडीसारखी. कोणा चित्रकाराने हे सगळे फार जीव ओतून काढले होते. म्हणूनच ते इतके ओंगळ होते.

शेवटच्या दालनात एक टाकी होती. मेलेल्या खलाशांपैकी एकाला तिच्यातून परत आणता येत होते. त्यासाठी गेमने नाव विचारले.

दादाचा अंगठा थांबला.

मग त्याने नाव लिहिले. घरात वहिनीला ज्या नावाने हाक मारायचा, तेच.

बोलायचे नव्हते. नियमच होता तसा.

टाकीतून जी बाई वर आली तिला चेहरा पुरता नव्हता. दात नव्हते. ओठांच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. तिला भरवायचे होते. बटण दाबले की चमचा पुढे जाई. ओठ सुटत. गर आत जाई, थोडा हनुवटीवर ओघळे, तो चमच्याने गोळा करून पुन्हा आत.

आणि तो आवाज...

आधी एक हलका घोट. मग थांबणे. मग दुसरा घोट, जोर लावून, घशातली एखादी गाठ ओलांडावी तसा.

प्रत्येक चमच्याला तेच. हलका. थांबणे. जोराचा.

मी समोरच्या गॅलरीतल्या चादरींकडे बघत राहिले, तरी आवाज येतच होता.

तास संपला तेव्हा मी जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेले. दादा मागून आला आणि कप विसळू लागला. आधी डोळ्यांची पाळी. मी सांगितले, कप्तान छान, तारे छान, भिंती बघून मात्र शिसारी आली. एवढे ओलेपण दाखवायची काय हौस, वगैरे. दादा मान हलवत होता. एकदा तर हसलाही.

"पण भिंती परवडल्या," मी म्हटले. "ते गिळणं किळसवाणं आहे रे. वाचकांना सांगून टाक, जेवून खेळायला बसू नका. तो आवाज सुचला कुणाला?"

त्याने नळ बंद केला.

"कुठला आवाज?"

"ती बाई गिळते तो."

"तिथं गिळण्याचा आवाज नाहीये. नुसती इंजिनाची घरघर आहे." तो माझ्याकडे वळला. "आणि तुला आवाज होता कुठे, चिंगे?"

खरेच.

हेडफोन त्याच्या कानांवर होते. त्या तासाभरात संगीताचा एक सूरही माझ्यापर्यंत आला नव्हता. लढायांचा नाही, माणसांचा नाही.

फक्त तेवढा एक आवाज आला होता...

"करून दाखव," दादा म्हणाला.

मी घशाने करून दाखवला. हलका. थांबणे. जोराचा.

दादाने ओट्याची कड धरली. मग त्याने जे सांगितले ते मला तोवर ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेनंतर वहिनीला प्रत्येक घास दोनदा गिळावा लागे. डॉक्टरांनीच तसे शिकवले होते. तिला त्याची फार लाज वाटे. जेवणाच्या वेळी ती दार लावून घ्यायला लावी. आत फक्त दादा. आईला नाही, नर्सला नाही, मलाही नाही.

"ती म्हणायची, हे एकदा ऐकलं की लोकांना माझं दुसरं काही आठवणार नाही."

म्हणजे तो आवाज जगात एकाच माणसाने ऐकला होता, आणि ते माणूस मी नव्हते.

मी म्हटले, दादा, ते बंद करून टाक. तो तोवर बाहेरच्या खोलीत पोहोचला होता. त्याने हेडफोनची वायर उपसली. स्पीकरमधून इंजिनाची घरघर येऊ लागली. दुसरे काही नाही.

"बस तिथंच. बसली होतीस तिथंच."

मी बसले.

त्याने बटण दाबले. चमचा पुढे गेला...

आवाज पडद्यातून आला नाही.

तो माझ्या डाव्या बाजूने आला. सोफ्याच्या रिकाम्या अर्ध्या भागावरून. माझ्या कानाच्या उंचीवरून.

पाठोपाठ वास आला. कोमट, गोडसर, दूध नासायला लागल्यासारखा. मी आधारासाठी हात टेकला आणि तळहाताला ओल लागली. पाण्याची नव्हे. दाट, बुळबुळीत. हात वर घेतला तर बोटांबरोबर तार निघाली. मी हात ओढणीला पुसला. मग पुन्हा पुसला.

"आला?" दादाने विचारले.

त्याला ऐकू येत नव्हते. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. एरवी कान त्याचे असत, पण हे तिच्या जागेवर बसलेल्यालाच मिळणार होते.

मी मान डोलावली.

त्याने पुन्हा भरवले. "आला?"

पुन्हा. "आता?"

त्याचा चेहरा उजळला होता. वर्षभरात त्याला असे मी पाहिले नव्हते. तो चमच्यामागून चमचा भरवत होता, हनुवटीवरचे गोळा करत होता, ओठांनी नकळत तिच्यासारखाच आ करत होता. पडद्यावर भिंत खरवडली जात होती आणि भरून येत होती. गर संपणार नव्हता. दादा त्या खुर्चीतून उठणार नव्हता. आज नाही, उद्याही नाही. हे मला स्वच्छ दिसले.

"आला का गं?"

हलका घोट. थांबणे. जोराचा.

"नाही," मी म्हटले. "थांबला, दादा."

"नक्की?"

"पोट भरलं असेल तिचं."

त्याने हात मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "हो. शेवटी शेवटी फार खायचीच नाही ती." त्याने खेळ जिथवर आला होता तिथवरचा सगळा पुसून टाकला. स्वतःच्या हाताने.

तो पुसत होता तेव्हा माझ्या डाव्या कानाला ऊब लागत होती. श्वासाची.

आणि चिकटलेले ओठ सुटावेत तसा एक बारीक आवाज आला...

ते तोंड उघडून वाट बघत होते.

दादाने लेख लिहिला. लोकांना आवडला. सदर त्याच्याकडेच राहिले. आता तो जेवतो, फिरायला जातो, टवाळक्या करतो. सोफा दुसऱ्या दिवशी कोरडा होता, डाग नव्हता. मी माझ्या निर्णयाचा पुष्कळ विचार केला आहे, आणि भावासाठी तोच पुन्हा घेईन असे मला प्रामाणिकपणे वाटते.

फक्त मला हल्ली माणसांसमोर जेवता येत नाही. घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिले. काही नाही म्हणाले.

गेल्या आठवड्यात दादा माझ्याकडे जेवायला आला होता. दुपारीच. मला वाढायला म्हणून त्याने डाव भरून उचलला. मी तोंडातला घास गिळला.

डाव माझ्या ताटावर तसाच थांबला.

तो माझ्याकडे बघतही नव्हता. खाली मान घालून, सवयीने थांबावे तसा थांबला होता...

मला गिळायचे नव्हते. गिळायला तोंडात काही उरलेही नव्हते.

घशाने दुसरा घोट घेतला. जोर लावून.

मग दादाने डाव पुढे केला. "अजून थोडं?" त्याने विचारले, इतक्या मायेने, की आजवर तो माझ्याशी कधी तसे बोलला नव्हता.

माझे पोट केव्हाच भरले होते.

तोंड उघडले.