ओल्या रंगाचं वजन

रंगखोलीचं दार पाठीने ढकलत तो उलट्या पावलांनी बाहेर आला आणि थेट तिच्या वजनकाट्यावर उभा राहिला.

"त्र्याऐंशी किलो चारशे," ती म्हणाली.

तो दचकून वळला. अंगात डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, तोंडावर दोन डब्यांचा मोठा मास्क, हातात रंगाची बादली. माणूस म्हणून दिसत होते ते फक्त डोळे. पण डोळे असे होते की तिला पुढचं वाक्य आठवायला जरा वेळ लागला.

"बादलीसकट आहे हे," मास्कच्या आतून खुलासा आला. "नुसता मी एवढा नाही."

"मग बादली खाली ठेवा."

त्याने निमूटपणे ठेवली.

"एकोणऐंशी शंभर."

"सूट आणि बूट काढले तर आणखी—"

"नको! म्हणजे… तेवढी गरज नाही," ती घाईघाईने म्हणाली आणि चाकं लावलेला काटा त्याच्या पायाखालून ओढायला लागली. तो अजून त्यावरच उभा आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिचं काम एकच होतं, वजन कमी करणं. स्वतःचं नव्हे, गाडीचं. गाडी एक किलोने जड झाली की प्रत्येक फेरीत सेकंदाचे तीन शतांश जातात. साठ फेऱ्यांत जवळजवळ दोन सेकंद जातात, आणि दोन सेकंदांत दोन-तीन गाड्या नाकासमोरून निघून जातात. म्हणून ती स्क्रूंची डोकी घासायची, वायरी बोटभर आखूड करायला लावायची, चिकटपट्टीचा उरलेला तुकडा सोलून काढायची. ड्रायव्हरला तिने एकदा दाढी करायला लावली होती. बत्तीस वर्षांची ही मुलगी, पण साठीला आलेले वेल्डरही तिला 'ग्रॅमताई' म्हणायचे आणि ती येताना दिसली की खिशातला पाना काढून टेबलावर ठेवायचे.

"साहेबांचा निरोप आहे," ती आता सरळ कामाचं बोलली. "गाडीवरचा रंग खरवडायचा. नाक सोडून सगळा. आतलं विणलेलं काळं कार्बन उघडंच ठेवायचं."

रंगारी कामावर लागून चारच दिवस झाले होते. तेही तीन महिने बघू, मग ठरवू, या बोलीवर. आणि पहिलं काम काय, तर रंग काढणं!

"म्हणजे गाडीला कपडेच नकोत म्हणा की," तो म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "कपड्यांचं वजन तीन किलो आहे," ती म्हणाली आणि काटा ढकलत निघून गेली. काटा रिकामा होता, तरी का कोण जाणे, जड लागत होता.

मग ती रोज येऊ लागली. खरवडलेल्या रंगाचा चुरा मोजायला, असं ती म्हणायची. चुरा पिशवीत भरून कुणाहीकडे पाठवता आला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

"आज दोनशे दहा ग्रॅम," एकदा ती म्हणाली. "छान."

"माझ्या कामाचा कचरा बघून 'छान' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"सगळे मला ग्रॅमताई म्हणतात. तुम्ही काहीच हाक मारत नाही."

"त्यातलं 'ग्रॅम' जमतं मला," तो चुरा गोळा करता करता म्हणाला. "ताई मात्र… जड जातं."

तिने नोंदवहीत दोनशे दहाच्या जागी दोनदा दोनशे दहा लिहिलं, आणि मग एक खोडलं.

पुढच्याच शर्यतीत घोटाळा झाला. हलकं व्हायच्या नादात बाकीच्या संघांनीही रंग खरवडले होते. मैदानावर जिकडे तिकडे काळ्या गाड्या! वरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या मालकांनी अकरा फेऱ्या भलत्याच गाडीसाठी टाळ्या वाजवल्या. बाराव्या फेरीला कुणीतरी भीत भीत सांगितलं, तेव्हा त्यांचा पारा चढला. हुकूम सुटला: इंजिनावरचं मोठं झाकण नवीन करा आणि ते लाल रंगवा. पुढच्या शर्यतीच्या आत.

"रंग बाराशे ग्रॅम," तिने रंगाऱ्याला बजावलं. "त्याच्यावर एक ग्रॅम नको."

"आणि बाराशेच्या आत बसवलं तर?"

"तर मी मान्य करीन की रंगही… ठीक असतो."

"एवढं मोठं बक्षीस? झोप उडाली माझी."

गुरुवारी त्याने झाकण रंगवलं. ती दाराशी उभी राहून बघत होती. पिचकारीचा हात असा सरकत होता, जणू तो झोपलेल्या बाळावर चादर घालतोय. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग, इतका पातळ की खालची वीण श्वास घेताना दिसावी. थिनरचा वास नाकात चढत होता. शेवटचा हात मारून तो मागे सरला, पिचकारी टांगली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्यासमोर त्याने मास्क काढला.

तीन आठवडे ती मनातल्या मनात त्या मास्कच्या आतला चेहरा बनवत होती. अंदाज सपशेल चुकला होता. गालांवर मास्कच्या कडांचे तांबडे वळ होते. खळी होती, पण एकाच बाजूला. दुसरी बाजू विसरून गेल्यासारखी. नाक चांगलंच मोठं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपला अंदाज चुकल्याचा तिला आनंद झाला.

"करा वजन," तो हसून म्हणाला. खळी खोल झाली.

तिने झाकण काट्यावर ठेवलं. कोऱ्या झाकणाचं वजन वजा केलं. "अकराशे ऐंशी…"

"म्हणजे आत बसवलं."

"बसवलंत."

"मग रंग?"

"ठीक असतो," ती पुटपुटली. नोंदवहीत आकडा लिहिला, खाली सही केली आणि बाहेर पडताना दाराऐवजी कपाट उघडलं.

रात्रीच्या जेवणाला घरी भाजी तिने केली. आई ओट्याशी उभी राहून बघतच राहिली. चमचा सपाट करून मीठ घालणारी आपली लेक आज मूठभर मीठ भिरकावते आहे!

"ताप आहे का गं तुला?"

"नाही आई."

"मग कोण आहे?"

"कुणी नाही! रंग आहे… रंगाचं काम चालू आहे."

"दिसतोय रंग," आई म्हणाली आणि खारट भाजी हूं की चूं न करता खाल्ली.

झाकण घेऊन ती आणि रंगारी शनिवारी सकाळी मैदानावर पोचले, तेव्हा घड्याळ पळत होतं. शनिवारच्या फेरीच्या वेळेवरून रविवारी कुठली गाडी कुठे उभी राहणार हे ठरतं, आणि फेरीला अर्धा तास उरला होता. अख्खी गाडी काट्यावर चढवायला सवड नव्हती. गाडी नियमाच्या वजनाखाली जाऊ नये म्हणून तळाशी धातूच्या पट्ट्या लावतात. त्यातल्या किती काढायच्या ते नव्या झाकणाच्या वजनावर ठरणार होतं.

"झाकण किती?" मुख्य इंजिनियर साहेबांनी ओरडून विचारलं.

"अकराशे ऐंशीचा रंग!" तिने वही बघून सांगितलं.

तिचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढ्या वजनाच्या पट्ट्या निघाल्या. गाडी वाऱ्यासारखी धावली आणि तिसरी आली. तिसरी! साहेबांनी वेल्डरला मिठी मारली, वेल्डरने टायरला.

मग अधिकाऱ्यांनी गाडी त्यांच्या काट्यावर घेतली. नियमापेक्षा एकशेचाळीस ग्रॅम कमी भरली. मध्यम आकाराचा एक बटाटा! तेवढ्यासाठी वेळ रद्द, आणि तिसरी गाडी शेवटी, विसाव्या जागी.

ग्रॅमताई पांढरीफटक पडली. रंग वाळताना त्यातलं थिनर उडून जातं, म्हणून एक रात्र गेल्याशिवाय वजन करायचं नाही, हा नियम तिचाच होता. तिच्याच अक्षरात तो रंगखोलीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. त्या कागदाखाली उभं राहून तिने ओल्या रंगाचं वजन केलं होतं. शेजारी उभ्या रंगाऱ्याने तिचा चेहरा पाहिला, आणि त्यालाही सगळं समजलं.

रविवारी सकाळी गॅरेजमागच्या छोट्या खोलीत चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला साहेब, हातात छापील फॉर्म. कोपऱ्यात ड्रायव्हर, केळं सोलत. समोर ती आणि रंगारी.

"मला तर सरळ दिसतंय," साहेब म्हणाले. "रंगाऱ्याने बाराशेच्या भीतीने थर कमी मारला आणि सांगितला जास्त. काय रे?"

ती तोंड उघडणार, तोच तो बोलला. "हो साहेब. माझ्याच हातून झालं."

"मग दुपारच्या विमानाने घरी जायचं. आणि सोमवारपासून कारखान्यात यायचं नाही."

गप्प बसलं तर सहा वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. हा माणूस मात्र दुपारी जाणार होता, त्या खळीसकट. बोललं तर… साहेबांची पद्धत तिला ठाऊक होती. कुठलीही चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला चुकीचं मूळ सापडतं, असा त्यांचा विश्वास. चार 'का' तिला झेपले असते. पाचव्याचं उत्तर तिला आत्ताच दिसत होतं.

पण साहेबांनी फॉर्मवर 'रंगारी' असं लिहायला सुरुवात केली आणि तिचं डोकं सटकलं. खोटी नोंद? तिच्या डोळ्यांदेखत?

"खोडा ते," ती म्हणाली. "चूक माझी आहे. यांनी रंग बरोबर मारला होता."

"राहू द्या ना," रंगारी हळूच म्हणाला.

"तुम्ही मध्ये बोलू नका. नोंद म्हणजे नोंद!"

साहेबांनी चष्मा वर केला आणि फॉर्म उलटला. "बरं. गाडी हलकी का भरली?"

"झाकणाचं वजन कागदावर जास्त होतं."

"जास्त का होतं?"

"रंग ओला असताना वजन केलं. वाळताना तीनशे ऐंशी ग्रॅम उडाले. सावधगिरीचे दोनशे चाळीस जादा होते, तरी एकशेचाळीस कमी पडले."

"ओला असताना का केलंस? नियम तुझाच ना?"

"ओला आहे हे… लक्षात आलं नाही."

"का नाही आलं? लालभडक, चकचकीत, शेजारच्या इमारतीपर्यंत वास—"

"काट्याकडे लक्ष नव्हतं."

"चार झाले." साहेबांनी पेन सरसावलं. "लक्ष का नव्हतं?"

थकवा, असं सांगता आलं असतं. चौकटीत नीट बसलंही असतं. तिने खाली पाहिलं, वर पाहिलं…

"यांनी मास्क काढला होता," ती म्हणाली.

"मास्क? म्हणजे वास चढला? चक्कर आली?"

"नाही साहेब. चेहरा."

ड्रायव्हरचं केळं तोंडाशी थांबलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग रंगाऱ्याकडे वळले. "आणि तू रे? जन्म रंगात गेला तुझा. ओल्याचं वजन चाललंय हे तुला दिसलं नाही?"

"मीसुद्धा काट्याकडे बघत नव्हतो, साहेब," तो म्हणाला. त्याचे कान झाकणाच्या रंगाचे झाले होते.

साहेबांनी पाचव्या चौकटीत जपून अक्षर काढलं: 'चेहरा'. मग खालची ओळ वाचली. "ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. सांग, काय लिहू?"

"वजन वाळल्यावरच करीन. दोनदा करीन." ती थांबली. "पण बाकीचं पुन्हा होऊ नये… असं मी लिहून देणार नाही."

"अभिनंदन," कोपऱ्यातून ड्रायव्हर म्हणाला. "मी विसावा उभा आहे. तुमच्या आनंदात तेवढं विसरू नका."

"दोघांनी इथे सह्या करा," साहेब फॉर्म पुढे सारत म्हणाले. "साक्षीदार म्हणून मी करतो. विमान रद्द. आणि पुढच्या वेळी वजनाला वेल्डर बसेल, मास्क हा रंगारी काढो नाहीतर ठेवो."

बाहेर इंजिनं गुरगुरायला लागली होती. गॅरेजच्या दाराशी दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.

"मी घेत होतो ना चूक अंगावर," तो म्हणाला. "कशाला सांगितलंत? तेही सगळ्यांसमोर?"

"तुम्ही गेला असता."

"म्हणून?"

"म्हणून काय… आवडता तुम्ही मला. खूप आवडता. रोज चुरा न्यायला काय उगाच येत होते?"

तो हसला. खळी पडली, तीच, एका बाजूची. "मग ते 'तुम्ही' तेवढं खरवडून टाक ना आता."

"बरं," ती म्हणाली. "तू."

त्या दिवशी लाल झाकणाची गाडी विसाव्यावरून सातवी आली आणि मालकांनी शेवटपर्यंत आपल्याच गाडीसाठी टाळ्या वाजवल्या. ग्रॅमताईने रंगाऱ्याचा हात कितव्या फेरीला धरला आणि कितव्या फेरीला सोडला, याची मात्र कुठल्याच वहीत नोंद नाही.