उसाच्या वाटेवर गप्प चालू नये

पिंपरी पेंढारच्या शिवारात दिवस मावळताना उसाच्या कडेनं जायचं तर तोंड बंद ठेवून जायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसाची चाहूल लागली की बिबट्या आपणहून बाजूला होतो. अवचित समोरासमोर आला तरच पंचाईत. म्हणून कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी काठीला घुंगरं बांधतं, तर कुणी नुसताच मोठ्यानं भावकीचा उद्धार करत चालतं. त्या संध्याकाळी वृषालीच्या मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं, काठी घरी राहिली होती आणि भावकीशी तिचं काही भांडण नव्हतं. मग तिनं गायला सुरुवात केली.

'बिबटेदादा, बाजूला सरा, वाट जरा द्या ना… दिवस बुडाला, आई रागावंल, घरी जाऊ द्या ना…'

पौषातली थंडी होती. उसाला पांढरे तुरे आले होते आणि त्यांच्यावर धुकं हळूहळू उतरत होतं. तिची दुसरी ओळ संपते न संपते तोच उसापलीकडून ठेका आला. ती थांबली, ठेकाही थांबला. तिनं चाचरत पुन्हा ओळ घेतली… आणि ठेका अगदी अलगद तिच्या सुराखाली येऊन बसला. बिबट्या काही ठेका धरत नाही, एवढं तिला कळत होतं; तरी ती पावलं जपून टाकत निघाली. वळणावर पोचली तेव्हा समोर एक उंच पोरगा उभा होता. गळ्यात मफलर, काखेत हेल्मेट आणि बोटं अजून त्या हेल्मेटवरच.

"शेवटच्या ओळीला लय पळाली तुमची," तो म्हणाला.

"बिबट्या मागं असल्यावर पळणारच."

"मागं न्हवता काय. मी पुढं व्हतो."

वृषालीला हसू आवरलं नाही. त्याची गाडी पंक्चर होऊन रस्त्याला पडली होती आणि तो पायीच गोजरबाईंकडे, म्हणजे त्याच्या आत्याकडे, हुरडा खायला निघाला होता. राहायला अवसरी बुद्रुकला, ढोलकी वाजवायचा. नाव सयाजी. पंजोबांचं नाव बरेच दिवस कुणी वापरत नव्हतं म्हणून आपल्याला देऊन टाकलं, असं त्यानं सांगितलं. गोजरबाईंचं घर वृषालीच्या घराला लागूनच होतं, तेव्हा पुढची वाट दोघांनी मिळून वाजत-गाजत काढली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला. "आत्याचा एवढा पुळका कधीपासून आला रं?" गोजरबाईंनी विचारलं. हुरडा लई भारी असतो, असं तो म्हणाला. त्यांच्याकडचा हुरडा संपून तोवर आठवडा झाला होता, पण गोजरबाई जाणत्या होत्या.

खरं तर त्याला वृषालीच्या पडवीतलं गाणं ऐकायचं असायचं. तिचा धाकटा भाऊ शौर्य अकरा वर्षांचा. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, म्हणजे अंगातले स्नायू वर्षागणिक दुबळे होत जाण्याचा आजार. पाय केव्हाच थकले होते, आता तो चाकाच्या खुर्चीत असायचा. श्वासाची ताकद टिकवायला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. व्यायाम म्हटलं की शौर्य तोंड फिरवायचा, म्हणून वृषालीनं पेटी काढली आणि त्याला सा लावायला शिकवलं. बघता बघता जुन्नर-आंबेगावातली त्याच आजाराची आणखी चार पोरं दर रविवारी पडवीत जमू लागली. पण श्वास एकेकाचा केवढासा! सा जेमतेम उमटायचा आणि विरून जायचा. पोरं हिरमुसायची.

तोड सयाजीनं काढली. त्यानं पोरांना अर्धगोलात बसवलं. एकाचा दम संपत आला की त्यानं नुसती मान डोलवायची, आणि शेजारच्यानं त्याच क्षणी सूर उचलायचा. पहिल्या दिवशी सूर दहादा तुटला. चौथ्या रविवारी तो पाच पोरांतून असा फिरत राहिला, की स्वयंपाकघरातून लंकाबाई, वृषालीची आई, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच बसून राहिल्या.

त्यातूनच पैसे उभे करायला कार्यक्रमाची कल्पना निघाली. चाकाची खुर्ची पोरासकट आत चढेल अशी एक गाडी दोन्ही तालुक्यांच्या पोरांसाठी हवी होती, कारण पुण्याला तपासणीला न्यायचं तर आया पोरांना उचलून उचलून मेटाकुटीला यायच्या. सयाजीचे दोघे बासरीवाले मित्र तयार झाले. मंचरच्या कापडदुकानातला जिनेश कीबोर्ड घेऊन आला, जाहिरातीचं कामही त्यानंच अंगावर घेतलं. पहिल्या जाहिरातीत त्यानं शौर्यचा खिन्न चेहऱ्याचा फोटो टाकला. शौर्यनं तो बघितला आणि विचारलं, "जिनेशभाऊ, मी गाणार हाय का मरणार हाय?" जिनेश कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या जाहिरातीत पाचही पोरं तोंडाचा आ करून सा लावत होती.

तालीम संपली की वृषाली सयाजीला सोडायला निघायची. ऊसतोडीच्या ट्रॉल्यांनी वाटेची चाळण केली होती, त्यामुळे त्याची गाडी रस्त्याला असायची. रस्ता आला की सयाजी म्हणायचा, आता तुमी एकट्या कशा जाणार, चला, घरापर्यंत सोडतो. घर आलं की ती म्हणायची, एकट्यानं गप्प जायचं नसतं, चला, वळणापर्यंत येते. कोण कुणाला सोडतंय, ते उसालाही कळेनासं व्हायचं. धुक्यात त्याची बोटं हेल्मेटवर वाजत राहायची आणि तिचं ते बिबट्याचं गाणं दर रविवारी एकेका कडव्यानं वाढायचं. कधी गाता गाता ती त्याच्याकडे बघायची आणि शब्द विसरायची… तो मुकाट्यानं ठेका धरून राहायचा, शब्द सापडेपर्यंत.

मग कार्यक्रमाला आठ दिवस उरलेले असताना गोजरबाई हळदीकुंकवाचं निमित्त करून आल्या आणि लंकाबाईंजवळ त्यांनी विषय काढला. पोरगं घरचंच आहे, निर्व्यसनी आहे, आणि आता त्याला हुरड्याची सबबही पुरेनाशी झाली आहे. लंकाबाईंचे डोळे भरून आले. वृषालीनं मात्र तिथल्या तिथं नाही म्हणून टाकलं. का, ते तिनं सांगितलं नाही.

सांगणार तरी काय? शौर्यचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, की हा आजार कधी कधी आईकडून मुलाकडे येतो. बहिणीच्या रक्तातही तो लपलेला असू शकतो, तिची तपासणी करून घ्या. दाराआड उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या वृषालीनं ते ऐकलं होतं. तपासणी तिनं केली नाही. त्याऐवजी लग्नच करायचं नाही, असं ठरवून टाकलं. शौर्यला कडेवर घेताना आईची कंबर कशी वाकते, हे ती रोज बघत होती. आजवर तो निश्चय तिला कधी जड गेला नव्हता. शेवटच्या आठवड्यात रोज तालीम होती; सयाजी यायचा, ढोलकी वाजवायचा, तिच्याशी नीट बोलायचा आणि एकटाच निघून जायचा. ती पडवीत उभी राहून लांब जाणारा ठेका विरेपर्यंत ऐकायची.

रविवारी दुपारी मंचरचा हॉल भरला होता. पोरं प्रेक्षकांत नव्हती, रंगमंचावर होती. त्यांनी सा धरला, बासऱ्या त्यावर तरंगू लागल्या आणि वृषाली गायला लागली. दुसऱ्या कडव्यात तिची नजर सयाजीकडे गेली. तो तिच्याचकडे बघत होता, ठेका देत, शब्दाची वाट बघत… उसातल्यासारखाच. तिला शब्द येईना, सूर येईना. पण सा थांबला नाही. शौर्यनं मान डोलवली, शेजारच्यानं उचलला, त्याच्याकडून पुढच्यानं घेतला. एक फेरी झाली, दुसरी झाली. कुणालाच घाई नव्हती. तिसऱ्या फेरीला वृषालीनं डोळे पुसले आणि त्याच सुरावर गाणं पुन्हा धरलं. टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत, आणि गाडीचं आता नक्की जमणार असं जो तो म्हणत होता.

सगळे बाहेर आवराआवर करत असताना शौर्यनं तिला जवळ बोलावलं.

"ताई, तपासणीचं मला ठावं हाय. तू सयाजीभाऊला न्हाई म्हणालीस, ते माझ्यासारखं पोरगं हुईल म्हणून का?"

तिनं त्याच्या शर्टाचं बटण उगाच नीट केलं.

"मी एवढा वाईट हाय व्हय गं?"

वृषाली खुर्चीपाशी खाली बसली. तिनं त्याला घट्ट धरलं आणि हुंदके देऊन रडली. त्याला वाईट कोण म्हणेल! आपण सहा वर्षं ज्याला भावावरचं प्रेम समजत होतो, ते त्याच्या कानाला कसं ऐकू गेलं असेल, या विचारानं तिला कुठं तोंड लपवू असं झालं. "तू लई ग्वाड हायेस," एवढंच ती कसंबसं म्हणाली. "मग तसं त्यांना सांग की," शौर्य म्हणाला, आणि तिच्या ओढणीनं त्यानं तिचंच नाक पुसायचा प्रयत्न केला. हात तेवढा वर पोचेना, मग तिनंच मान खाली केली.

जिनेशच्या टेम्पोनं मंडळी गावात परतली तेव्हा ऊन कलत होतं. सामान पोचवून सयाजी आपल्या गाडीकडे निघाला. वृषाली न बोलता त्याच्याबरोबर चालू लागली. अर्धी वाट अशीच गेली, धुकं तुऱ्यांवरून खाली आलं. मग तो थांबला.

"ह्या वाटेला गप चालायचं नसतं," तो म्हणाला.

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. दाराआडून ऐकलेलं, न केलेली तपासणी, आईची कंबर, शौर्यचा प्रश्न. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, उसाकडे बघत होती. तो हेल्मेट छातीशी धरून ऐकत राहिला.

"भ्या वाटणार न्हाई, असं मी म्हणत न्हाई," शेवटी तो म्हणाला. "वाटंल. तपासणी करायची का न्हाई ते तुमी ठरवा. करायची म्हणाल तर मी संगं येतो. त्यात काय निघंल ते निघंल, पर दाराआड उभं राहून एकट्यानं ऐकायचं न्हाई, एवढं माझं म्हणणं." तो घुटमळला. "आपली पोरं करत्यात तसं करू. तुमचा दम संपाय लागला, तर नुसती मान डोलवा. मी उचलीन. माझा संपला तर… तुमी उचला."

लांब कुठं तरी ट्रॅक्टर घरी चालला होता. वृषालीनं ओढणी डोक्यावरून घेतली, नाक ओढलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. तिला त्याच्या मफलरचा सुटलेला धागाही दिसला, आणि त्याचे भिजलेले डोळेही. तपासणीला जायचं, तिनं मनाशी ठरवलं, आणि याच्याबरोबरच जायचं.

"आत्याला सांगा," ती म्हणाली, "पुन्यांदा या म्हणावं. ह्या खेपेला… मी चहा घेऊन बाहेर येते."

सयाजी ढोलकीवर कधी चुकला नव्हता, तो इथं नुसताच उभा राहिला.

"उभे काय राहिलात?" वृषाली म्हणाली. "बिबट्या यील. वाजवा हेल्मेट."

तिनं गाणं धरलं, त्यानं ठेका. रस्ता आला तेव्हा तो म्हणाला, एकट्या कशा जाणार, चला. घर आलं तेव्हा ती म्हणाली, चला, वळणापर्यंत येते. पडवीत शौर्य कान देऊन बसला होता. ठेका दुसऱ्यांदा लांब जाऊ लागला, तेव्हा त्यानं आईला हाक मारून सांगितलं, की ताईच्या जेवणाची इतक्यात वाट बघू नको.