धन्यवाद म्हटल्यानंतर

माझ्या माइकची वायर त्याच्या पायात अडकली, तो धडपडला, आणि पडता पडता त्याने आधी माइक झेलला. मग स्वतःला सावरलं.

"लागलं का?" मी विचारलं.

"मला की याला?" माइक परत करत तो म्हणाला.

दुपारचा खेळ नुकताच सुटला होता. थिएटरच्या बाहेर पडायच्या दारात उभं राहून लोकांची मतं घेणं हे माझं काम. माइक पुढे करायचा, "कसा वाटला सिनेमा?" विचारायचं, उत्तर मिळालं की "धन्यवाद" म्हणायचं. धन्यवाद म्हणजे, पुढे सरका, मागे माणसं आहेत. आमच्या वेब चॅनेलच्या संपादक मॅडमचा नियम साधा होता : एक शिट्टी, एक शिवी, मधलं सगळं काप.

सिनेमाचं नाव 'पिवळे हातमोजे'. ओळीने खून करत सुटलेल्या माणसाची गोष्ट, आणि पैशांची तंगी पडद्यावर लपत नव्हती. खुनी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून फिरत होता. पाठलागाच्या दृश्यात पाऊस फक्त नायिकेवर पडत होता. मागे उभी असलेली गाडी कोरडी ठणठणीत.

"आता पकडलंच आहे तर सांगून टाका," मी त्याला म्हटलं. "कसा वाटला?"

"आधी त्यांचं घ्या." त्याने मागून येणाऱ्या जोडप्याकडे बोट दाखवलं आणि खांबाला टेकून उभा राहिला. ते गेल्यावर आणखी कुणाकडे. शेवटी दारात आम्ही दोघंच उरलो, आणि आमचा कॅमेरावाला भाऊ.

"आता तरी?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला, आणि हसला. हसताना डावी भुवई जरा उशिरा वर जायची. हे माझ्या का लक्षात राहावं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी सगळ्यांत शेवटी बाहेर पडायचा, म्हणून मी त्याचं नाव 'शेवटचे' ठेवलं.

"काय शेवटचे, पाठ झाला की नाही सिनेमा?"

"मी सिनेमा बघायला येतच नाही."

"मग?"

"लोकांना बघायला." जरा थांबून, "काही लोकांना."

भाऊने लेन्स पुसायला घेतली. लेन्स स्वच्छच होती.

"काम काय करता तुम्ही?" मी विषय बदलला.

"कापतो."

"काय?"

"घाबरलात? सिनेमे. संकलक आहे."

"मग तुम्हाला बरं जमेल आमच्याकडे. आमच्याकडेही कापतातच."

"बघितलंय," तो म्हणाला. पहिल्यांदाच हसला नाही.

मला माहीत होतं त्याने काय बघितलं असणार. आमचा व्हिडिओ पहिल्याच संध्याकाळी लागला होता. त्यात कॉलेजमधला एक पोरगा ओरडत होता, "हसून हसून मेलो! खुनी आहे का मोलकरीण?" तेवढाच तुकडा फोनाफोनी फिरला. दुसऱ्या दिवसापासून लोक हसण्याच्या तयारीनेच येऊ लागले, मग तेही कमी झाले. बुधवारी मॅनेजर साहेबांनी मला सहज सांगितलं, "उद्या बघतो आणि काढतो. मोठा सिनेमा दारात उभा आहे."

त्याच दुपारी गर्दी लवकर पांगली. लॉबीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आहे. त्याचा नळ कायम टपटपत असतो आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे बघतही नाही. शेवटचे बाहेर आले, माझ्याकडे येता येता थबकले, आणि त्यांनी तो नळ घट्ट पिळला. मग त्यावर बोटाने हलकेच दोनदा टिचकी मारली... गळत नाही ना, याची खात्री करावी तशी.

माझ्या अंगावर काटा आला.

हा हात मी पडद्यावर पाहिला होता. स्वयंपाकघरात खून होतो, खुनी दाराकडे जातो, परत फिरतो, गळणारा नळ बंद करतो, त्यावर दोन टिचक्या मारतो, आणि मगच जातो. अख्ख्या सिनेमात मी खरी घाबरले होते ती तिथे.

"तुम्ही!" मी म्हटलं. "खुनी तुम्ही आहात!"

तिकीट खिडकीवरच्या बाई मान लांब करून बघू लागल्या.

"हळू," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अर्धाच. अर्ध्या शूटिंगनंतर आमचा नट दुसरीकडे निघून गेला. चेहरा कुठे दिसतच नव्हता, म्हणून ताईने हातमोजे मला चढवले."

"ताई?"

"दिग्दर्शक. माझी मोठी बहीण. घर तिचं, स्वयंपाकघर तिचं, पाइप धरून पाऊस पाडणारे भावोजी तिचे."

"आणि नळ?"

"तो पटकथेत नव्हता. लहानपणापासून तिचा ओरडा खाल्लाय, 'नळ बंद कर, नळ बंद कर!' खून केला आणि सवयीने परत फिरलो. कापायला निघालो होतो, तीच म्हणाली, ठेव."

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

"ताई इथे यायला घाबरते. फोन बंद करून बसलीय. म्हणून मी रोज येतो, लोक काय म्हणतात ते ऐकतो, आणि त्यातलं चांगलं तेवढं घरी नेतो. पहिल्या दिवशी दोन-चार वाक्यं मिळाली. काल एकच होतं, तेही 'खुर्च्या बऱ्या आहेत' असं." तो नळाकडे बघत राहिला. "उद्या सिनेमा उतरेल. पुन्हा कधी करणार नाही म्हणते. आज घरी न्यायला काहीच नाही हो माझ्याकडे."

मी भाऊच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हटलं, "माझ्याकडे आहे."

माझ्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. माइक समोर असतो तोवर माणूस प्रेक्षक असतो. मी धन्यवाद म्हणते, माइक खाली जातो, त्याला वाटतं संपलं... आणि तेव्हा तो खरं बोलतो. भाऊ कॅमेरा जरा उशिराच बंद करतो, आळस म्हणा. ते तुकडे कुणी वापरत नाही. पडून असतात.

त्या संध्याकाळी ऑफिसच्या संकलनाच्या टेबलाशी दोन खुर्च्या लावल्या. हेडफोन एकच होता. एक कान त्याला, एक मला. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता, आणि मी उगाचच पडद्याकडे जास्त लक्ष देत होते.

'मोलकरीण' म्हणून ओरडणारा पोरगा पडद्यावर आला. माझा आवाज : धन्यवाद. माइक खाली. मग पोरगा मित्राला, अगदी हळू : "ए, पार्किंगपर्यंत येतोस ना बरोबर?"

शेवटचे खुर्चीतच उडाले. "पुन्हा लावा!"

मग 'टाइमपास आहे' म्हणालेली एक बाई. माइक खाली गेल्यावर नवऱ्याला : "आईंनी माझा हात घट्ट धरला होता हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सोडवून नाही घेतला."

मग एक म्हातारे गृहस्थ. माइकवर नुसतं 'ठीक'. मग भाऊकडे वळून : "तो नळ बंद करतो ना... आमच्या घरी ही करायची तसा. ती गेल्यापासून स्वयंपाकघरात टपटप चालूच असते. आज जाऊन बंद करतो."

हेडफोनमधून आता काही येत नव्हतं, तरी आम्ही दोघं तो कानाला लावून बसलो होतो. मी पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

"कापूया?" शेवटी मी म्हटलं.

"नको," तो म्हणाला. "जोडूया."

त्याने जोडलं, मी मजकूर लिहिला. मॅडमना दाखवलं तेव्हा त्या चष्मा वर करून म्हणाल्या, "यात शिट्टी कुठाय? शिवी कुठाय?" मग पुन्हा पाहिलं. मग, "म्हातारबाबांवर संपव. आणि मला परत विचारू नकोस, लाव."

सिनेमा वाचला असं मी म्हणणार नाही. शुक्रवारी मोठा सिनेमा आला, मोठं पोस्टर लागलं. पण मॅनेजर साहेबांनी सकाळचा एक खेळ 'पिवळे हातमोजे'ला ठेवला. "लोक नळवाला सिनेमा कुठाय म्हणून विचारतायत," ते कुरकुरले. "माझाही नळ दुरुस्त करावा लागला."

त्या पहिल्या सकाळी त्याची ताई आली. ठेंगणी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. आत जाण्याआधी तिने माझे दोन्ही हात धरले. "याने रोज घरी आणलेलं सगळं खोटं आहे असं वाटायचं मला," ती म्हणाली. "तुझ्याकडचं ऐकलं आणि रडले. पुढची गोष्ट लिहायला घेतलीय गं." आणि भावाकडे वळून, "तू बाहेरच थांब. आत बसलास की गुडघा हलवतोस."

ती आत गेली. दार मिटलं. लॉबीत कोवळं ऊन आलं होतं, आणि नळ अगदी गप्प होता.

"शेवटचे," मी माइक पुढे केला, "तुमचं मत राहिलंय. कसा वाटला सिनेमा?"

तो ताठ उभा राहिला. "कथा बरी. पाऊस कच्चा. खुनी... नवखा वाटतो, पण मनापासून करतो. आणि ज्यांनी लोकांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यांचे आभार."

"धन्यवाद," मी म्हटलं, आणि माइक खाली घेतला.

तो गेला नाही. मी वाट बघत होते. धन्यवाद म्हटल्यानंतर काय होतं ते मला ठाऊक होतं.

"सिनेमा आणखी आठवडाभर आहे," तो खाली बघत म्हणाला. "मग मला इथे यायला काही कारण नाही. मी... कारण नसताना आलो तर चालेल?"

"कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू आहे बरं का," भाऊ मागून म्हणाला.

"असू दे भाऊ." मी माइक भाऊच्या हातात देऊन टाकला आणि शेवटच्यांकडे वळले. "मी मघाचा धन्यवाद परत घेते. थांब तू."

त्याची डावी भुवई, नेहमीसारखीच, जरा उशिरा वर गेली.