धनेशाची ढोली

प्रदर्शन उद्यावर आलं होतं आणि खिळे संपले होते, म्हणून अंतरा भर उन्हात गाडी काढून खिळे आणायला गेली. एरवी असल्या कामाला तिनं दुसऱ्या कुणाला तरी पिटाळलं असतं. पण आज त्या कलादालनात तिला बसवत नव्हतं.

विद्यापीठातल्या पोरांनी भरवलेलं प्रदर्शन, विषय निसर्ग वाचवा. चित्रं, फोटो, मातीची शिल्पं, सगळं झक्कास जमलं होतं. पण या सगळ्यांचा म्होरक्या राजवीर, त्याला खरं झाड हवं होतं. राधानगरीकडच्या कुणाच्या तरी रानातलं उभं किंजळाचं झाड तोडून त्यानं त्याचं खोड आणलं. निसर्ग वाचवायला झाड तोडायचं, काय म्हणावं या अकलेला! खोडात ढोली होती, ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं आणि मधे बोटभर फट. ते धनेश पक्ष्याचं घरटं होतं. मादी आत अंडी घालते, आतूनच दार लिंपून घेते, पंखांची पिसं गाळून टाकते. पिल्लं मोठी होईस्तोवर नर त्या फटीतून तिला उंबरं भरवतो. अंतराला हे सगळं पाठ होतं, कारण खोडाखालची पाटी तिनंच लिहिली होती.

टेम्पोतून खोड उतरवताना आत काहीतरी फडफडलं, तेही तिनंच ऐकलं होतं.

"राजवीर, आत मादी हाय रे. फोडूया."

"फोडलं तर दाखवायचं काय लोकांस्नी? रिकामं हाय ते. गप बस की!"

ती गप्प बसली. तिलाही प्रदर्शन गाजायला हवं होतं. काही दिवसांनी आतला आवाज थांबला, तेव्हा तिला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

खिळे घेऊन ती परतली तोवर उन्हं कलली होती. बाकीची पोरं चहाला गेली होती. दालनाच्या सज्ज्यावर एक भला मोठा पक्षी बसला होता. बाकदार पिवळी चोच, चोचीत पिकलं उंबर. भर शहरात धनेश! तो तिच्याकडे टक लावून बघत राहिला.

ती दाराशी धावली. दाराच्या दोन झडपांमधली वीतभर जागा ओल्या मातीनं भरून काढली होती. शिल्पांसाठी आणलेलीच माती, पण तिला विष्ठेचा आणि कुजक्या फळांचा वास मारत होता. मधे फक्त बोटभर फट.

"राजवीर... आत हाईस का?"

थप्... थप्... आतून कुणीतरी माती थापत होतं.

"कोण लिंपतंय? बाहेर ये आधी!"

"मीच लिंपतोय, अंतरा..." त्याचा आवाज अगदी शांत होता. "हात थांबतच न्हाईत गं."

ती खिळ्यानं माती उकरू लागली. ती उकरेल तेवढी तो आतून भरत होता. मग फटीतून त्याची बोटं बाहेर आली. त्यांना नखं नव्हती.

"गळाली सगळी... केसं बी गळाली. आता मला बाहेर न्हाय येता यायचं... भूक लागलीय."

"मी पोरांस्नी बोलावते! थांब, मी आलेच!"

तिला पळायचं होतं. पाय हलेनात. ओरडायला तिनं तोंड उघडलं, तर घशातून काहीतरी मऊ, गोडसर वर आलं. उंबर होतं ते. मागून दुसरं आलं. तिची मान आपसूक फटीकडे झुकली. तिला रडू फुटत होतं, आणि तोंड मात्र भरवायला पुढं जात होतं.

राजवीरनं उंबर अलगद ओढून घेतलं, पण खाल्लं नाही. तो आतल्या अंधाराकडे वळला.

"आलं बघ... खा," तो लाडानं कुणालातरी म्हणाला, आणि आतून एक बारीक, उपाशी चिवचिव उठली.