सातव्या माणसाचं सुख

"माझ्या प्रबंधातला एक माणूस परस्पर सुखी झालाय!" मुलगी दारातूनच ओरडली.

भाऊजींचा चहा बशीत सांडला. वहिनींनी शांतपणे खुर्चीकडे बोट केलं. वीस वर्षं खासगी तपासाचा धंदा केल्यावर त्यांना कशाचं नवल वाटत नसे. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींची पिशवी उचलत आणि भलत्याच माणसावर संशय घेत. दोन्ही कामं अगदी मनापासून.

ओळखीतली ही मुलगी एम.ए. करत होती. विषय होता आजचं स्थलांतर. घर सोडून या शहरात आलेल्या पंधरा जणांच्या मुलाखती तिने घेतल्या होत्या. नावं गुप्त, नुसते क्रमांक. प्रबंध आज चारच्या आत द्यायचा होता.

"सात क्रमांक म्हणाला होता, 'तीस वर्षं झाली, इथे मन रमलं नाही.' आणि आज छापायला घेतलं तर हे!"

वहिनींनी कागद वाचला. 'एकोणतीस वर्षं चार महिने झाले. इथे मन चांगलं रमलं. मी सुखात आहे.'

"मग बदल की परत," भाऊजी म्हणाले.

"ते पाच मिनिटांचं काम. पण तो माणूस कोण, हे कुणीतरी ओळखलंय. मी शब्द दिला होता हो! तो मोडला असेल तर मुलाखत काढावी लागेल, आणि अख्खं शेवटचं प्रकरण तिच्यावरच उभं आहे."

"तो कोण, ते मलाही सांगू नकोस," म्हणत वहिनींनी चपला घातल्या.

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहायची. तिचा संगणक जेवणाच्या टेबलावर सताड उघडा असे. घरात आणखी तिघं होती: घरमालक काका, काकू आणि बेकरीत काम करणारी मैत्रीण.

भाऊजींनी कीबोर्डवर फुंकर मारली. पीठ उडालं. "सापडली!"

"पत्ते खेळते मी त्यावर," मैत्रीण ओशाळली. "आणि हरते. या शहरात येऊन आठ महिने झाले, तिचा प्रबंध वाचायला वेळ कुठेय?"

काका न्हाणीघरात गळक्या नळाशी झटापट करत होते.

"इथे येऊन किती वर्षं झाली?" वहिनींनी विचारलं.

"तीस-बत्तीस असतील."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. सत्तावीसची... का तिशीची? हिला विचारा. तारखा सगळ्या हिच्याकडे."

काकू शेंगा सोलत होत्या. "परवाच एकोणतीस पूर्ण झाली. मला इथे टायपिस्टची नोकरी लागली म्हणून आलो, तेव्हा सहावा महिना लागला होता. तसल्या अवस्थेत मी ट्रंक उचलली, आणि हे नुसती छत्री घेऊन पुढे!"

वहिनी हसल्या. त्यांनी काकांना नळाचं वायसर आणायला पिटाळलं आणि बाकीच्यांना टेबलाशी बसवलं.

भाऊजी कुजबुजले, "काकाच! बोलून बसले आणि मग पस्तावले."

"काकांना स्वतःच्या मुलीचं वय येत नाही, भाऊजी. बदलणाऱ्याने एकच चूक केली. त्याने चूक सुधारली! सुख घालायचं होतं तर 'तीस' तसंच ठेवून चाललं असतं. पण या हाताला तो ढोबळ आकडा खुपला. यांची मुलगी नुकतीच एकोणतीसची झाली. आई इथे आली ती तिच्या जन्माआधी चार महिने. हा हिशेब मैत्रिणीला ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि टाइप करायचा सराव कुणाला? काकू, तुम्हाला."

भाऊजींनी बोटांवर दोनदा मोजलं. उत्तर तेच आलं.

काकूंनी पदर डोळ्याला लावला. "टेबल पुसताना दिसलं. बोलण्याची ढब ओळखू येते हो! तीस वर्षं मन रमलं नाही, आणि मला पत्ता नाही? मग रोज दोनदा वाढून कशाला घेतात?"

"सात क्रमांक कोण, ते मी विचारलेलं नाही," वहिनी घाईने म्हणाल्या.

"विचारा की! मीच तो." काका दारात उभे होते. नमुन्याचं जुनं वायसर घरीच विसरून गेले होते. "शहर नाही आवडलं मला. तू होतीस म्हणून राहिलो. पण ते हिने विचारलंच नाही. प्रश्नच नव्हता तसा!"

मुलीने मान खाली घातली.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी राहिलात?" काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, मला तरी कुठे आवडलं! ऑफिसात पहिल्याच वर्षी जीव विटला. पण तुम्ही बसस्टॉपवर रोज चार माणसं जमवून हसायचात. म्हटलं, यांचं रमलंय, कशाला उपटा!"

मग मैत्रीण फिसकन हसली, आणि काकांनाही आवरेना.

"मुलाखत ठेव," काका म्हणाले. "मीच सांगितलं, तुझा शब्द कुठे मोडला? फक्त माझं बोलणं होतं तसं कर."

"आणि माझीही घे," काकू म्हणाल्या. "मी सांगते, तू लिही. तारखा मात्र माझ्याच हं!"

चारला सात कमी असताना प्रबंध पोचला, सोळा मुलाखतींसह.

पुढच्याच आठवड्यात काका-काकू महिनाभरासाठी गावी गेले. नवव्या दिवशी ट्रंकेसकट परतले. वहिनींनी रस्त्यात गाठून कारण विचारलं.

"तिथेही रमेना," काकू म्हणाल्या.