हलवून बघू नका

ती फिशटँकच्या दुकानात शिरली तीच भांडायच्या तयारीने. हातात पिशवी, पिशवीत इथूनच नेलेली, आता कुजकी झालेली रोपं. तिच्या दातांच्या दवाखान्यातल्या टाकीत लावून आठवडा होत नाही तोच पानं गळायला लागली होती. दात दाखवायला येणारा आधीच घाबरलेला. त्याला समोर मरती झाडं दाखवायची?

दुकानदार एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. तो वळला, हसला... आणि तिचं पाठ केलेलं पहिलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"मेली नाहीत हो," तो पिशवीत डोकावला. "ही पानं पाण्याबाहेर वाढलेली. पाण्यात ती झडतात, मग नवी फुटतात. पण... मुळं कशी तुटली?"

"मी रोज हलवून बघायचे. घट्ट बसली का ते."

"रोज?"

"आम्ही दातांचे डॉक्टर. आमच्यात हलवूनच बघतात."

तो पोट धरून हसला. तीही हसली, भांडण राहूनच गेलं.

शनिवारी तो स्वतः दवाखान्यात आला. सडकी पानं कापली, रोपं चिमट्याने वाळूत नीट रोवली, दिव्याचे तास कमी केले. नव्या रोपांना फार उजेड दिला की शेवाळ माजतं, म्हणाला. "आणि डॉक्टर, हात लावायचा नाही!"

"तिला स्वस्थ बसायला सांगताय?" काउंटरवरून तिची मावशी म्हणाली. "शुभेच्छा."

"मुळं धरेपर्यंत दर शनिवारी पाणी बदलायला येईन. मग माझं काम संपलं."

ते शेवटचं वाक्य तिला मुळीच आवडलं नाही. शनिवार दुपारच्या अपॉइंटमेंट ती आपोआप टाळू लागली. तो पाणी बदलायचा, ती टॉवेल धरून उभी राहायची, आणि गप्पा काही संपायच्या नाहीत. मग एक दिवस कोवळं हिरवं पान फुटलं. मावशीने टाळी वाजवली. ती मात्र उरलेले शनिवार मोजू लागली.

पुढच्या शनिवारी एक रोप पाण्यावर तरंगत होतं.

"माशांनी काढलं असेल," ती म्हणाली.

"एवढ्याशा माशांनी?"

मावशीला अचानक खोकल्याची उबळ आली.

त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरं रोप. त्याने ते तळहातावर घेतलं, देठावरची खूण पाहिली. "माशांना चिमटा कधीपासून धरता यायला लागला?"

तिचे कान तापले. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. पेशंटलाही ती 'दुखणार नाही' म्हणायची नाही, 'थोडं दुखेल' म्हणायची.

"मीच उपटलं," ती म्हणाली. "मुळं धरली असती तर तुम्ही आला नसतात. आणि मला... तुम्ही आवडता. फार."

त्याने ते रोप पुन्हा वाळूत रोवलं, हात पुसले. झालं, आता हा बादली उचलून निघून जाणार, असं तिला वाटलं.

"बाकीच्या रोपांनी मुळं केव्हाच धरलीत," तो हळूच म्हणाला. "मीच बोललो नाही. पाणी तर तुम्हीही बदलू शकला असतात."

"मग येत का होतात?"

"डॉक्टर, पाण्यात हात घालायच्या कामाला कोणी इस्त्रीचा शर्ट घालून येतं?"

तिने पहिल्यांदाच तो शर्ट नीट पाहिला. बाही ओलीचिंब होती. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"पुढच्या शनिवारी," तो अडखळला, "बादली न आणता आलो तर... चालेल?"

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?" मावशी म्हणाली. "आज दवाखाना लवकर बंद होतोय."

"होतोय?" तिने दचकून विचारलं.

"होतोय. मी आत्ताच ठरवलं."